तळं बघायचं की तळ्याकाठी बसायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका गोष्टीवरून चांगलीच जुंपली. माझी पत्नी तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली. या तीस वर्षांत आम्ही दोघं फिरायला म्हणून कुठं गेलो नाही. प्रवास झाला तो लग्नांसाठी नाहीतर मयतीसाठी. तेव्हा मुलानं जाहीर केलं, "खर्च माझा, गाव तुम्ही ठरवा." आणि पुढच्याच वाक्यात त्यानं गावही ठरवून टाकलं: उदयपूर. तळ्याकडं खिडकी असलेलं हॉटेलसुद्धा हेरून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "भोपाळ."

"अब्बा, भोपाळला कुणी सहलीला जातं का?"

पत्नी बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, दोन्हीकडं तळं आहे ना? मग कुठल्या तळ्याकाठी नुसतं बसता येतं, तेवढं सांगा." तिच्या डाव्या गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं आहे. शिवाय आम्ही कोल्हापूरची माणसं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळेचा पुडा घेऊन तासन् तास बसणं म्हणजे काय, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. तिचा प्रश्न मला फार नेमका वाटला. दोन्ही गावं मी पाहिलेली आहेत, कवितेच्या निमित्तानं एकेकदा नव्हे, दोन-तीनदा. तरी तिला उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की आपण हा हिशेब कधी मांडलेलाच नाही. तो आज तुमच्यासमोर मांडतो. तुमच्याही घरी दिवाळीच्या सुट्टीवरून अशीच चर्चा चाललेली असेल.

पहिली गोष्ट, ही दोन्ही तळी माणसांनी केलेली आहेत. नैनितालसारखी निसर्गानं दिलेली नाहीत. उदयपूरचा पिछोला चौदाव्या शतकात एका बंजाऱ्यानं बांध घालून अडवला असं सांगतात. शहर त्यानंतर दोनशे वर्षांनी आलं. महाराणा उदयसिंहांनी ते 1559 मध्ये वसवायला घेतलं. भोपाळचा मोठा तलाव त्याहून जुना. अकराव्या शतकातल्या परमार राजा भोजानं कोलांस नदीवर मातीचा बांध घातला, त्यातून तो झाला अशी परंपरा आहे. त्या जुन्या बांधावर आज कमला पार्क नावाची बाग आहे. लोक तिथं सकाळी फिरायला येतात आणि एका हजार वर्षांच्या धरणावर चालतोय, हे बहुतेकांच्या ध्यानातही नसतं.

माणसानं केलेल्या तळ्याचं पोट पावसावर चालतं. म्हणून अशा गावी जायचं तर आधी महिना ठरवावा, गाव नंतर. आपण नेमकं उलट करतो. शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून सहल मे महिन्यात. मेमध्ये दोन्ही गावांत पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि तळं वर्षातलं सगळ्यात खंगलेलं असतं. फोटोतलं तळं हे सप्टेंबर ते फेब्रुवारीचं तळं असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मी हे अनुभवानं शिकलो. 2000 नंतर मेवाडात दुष्काळाची वर्षं लागली होती. त्यातल्याच एका उन्हाळ्यात मी उदयपूरला अनुवादाच्या कार्यशाळेला गेलो. पिछोला कोरडा पडला होता. जो महाल पाण्यावर तरंगतो म्हणून जग बघायला येतं, तो भेगाळलेल्या चिखलात उभा होता, आणि त्याच्या पायथ्याशी पोरं क्रिकेट खेळत होती. पोरं मजेत होती. मला मात्र कुणाच्या घरी अवेळी जाऊन टपकल्यासारखं झालं.

पाऊस भोपाळमध्ये वर्षाला सरासरी 110 सेंटिमीटरच्या आसपास पडतो, उदयपुरात 65 च्या आसपास. हा फरक तळ्यात दिसतो. उदयपूरनं आता त्यावर तोड काढली आहे. डोंगरापलीकडच्या, साबरमतीच्या खोऱ्यातलं पाणी देवास प्रकल्पाच्या बोगद्यातून पिछोल्यात आणलं जातं. शिवाय पिछोला, स्वरूपसागर, फतेहसागर ही तळी एकमेकांना जोडलेली आहेत. एक भरलं की पाणी दुसऱ्याकडं जातं. ही जोडणी जुन्या राज्यकर्त्यांची, बोगदे आपल्या काळातले. जानेवारी 2025 मध्ये रामसर करारानुसार उदयपूर आणि इंदूर या शहरांना पाणथळ जागा जपणारी शहरं म्हणून मान्यता मिळाली. भारतातली ही पहिलीच दोन. कोरडा पिछोला पाहिलेल्या माणसाला ही बातमी वाचून बरं वाटलं.

आता उदयपूर म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. पिछोला भरला की सुमारे सात चौरस किलोमीटरचा होतो. पूर्वेच्या काठावर सिटी पॅलेसची लांबच लांब भिंत, पाण्यात दोन बेटं, बेटांवर दोन महाल, पलीकडं अरवलीचे डोंगर. सगळं एका नजरेत मावतं. एखाद्या नाटकाच्या नेपथ्यासारखं हे शहर तुमच्यासमोर मांडलेलं आहे. जगनिवास हा बेटावरचा महाल महाराणा दुसरे जगतसिंह यांनी 1746 मध्ये पूर्ण केला. 1963 पासून तिथं हॉटेल आहे. तिथं खोली घेतली नसेल तर तो बाहेरूनच बघायचा. दुसरं बेट जगमंदिर. 1620 च्या दशकात बापाविरुद्ध बंड करून पळालेल्या शाहजादा खुर्रमला मेवाडच्या राण्यांनी इथं आसरा दिला. हाच पुढं शाहजहान झाला. ताजमहालाची कल्पना त्याला इथंच सुचली, असं नावाडी शपथेवर सांगतो. आपण मान डोलवावी. मला त्या गोष्टीतला आसराच जास्त मोलाचा वाटतो. ज्या घराण्याशी पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या, त्या घराण्याचा पोरगा दारात आला तर त्याला तळ्याच्या मधोमध, सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं.

उदयपूर बघायचं तर एक युक्ती सांगतो, फुकटची आहे. संध्याकाळी बहुतेक लोक सूर्यास्त बघायला पूर्वेच्या काठावर, राजवाड्याच्या बाजूला गर्दी करतात. तुम्ही पलीकडं अंबराई घाटावर जा आणि सूर्याकडं पाठ करून बसा. मावळतीचं ऊन समोरच्या राजवाड्यावर पडतं आणि ती पांढरी-पिवळट भिंत हळूहळू केशरी होत जाते. सूर्य मावळताना सगळीकडं सारखाच दिसतो. भिंत अशी पेटलेली इथंच दिसते.

फतेहसागर हे दुसरं तळं. ते मला पिछोल्यापेक्षा अधिक आवडतं, कारण तिथं गावातली माणसं येतात. काठानं चालता येतं, मक्याची कणसं मिळतात. त्याच्या मधल्या बेटावर एक सौर वेधशाळा आहे, 1970 च्या दशकापासून. तळ्यात वेधशाळा कशासाठी? तर दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, उन्हात डांबरी रस्त्यावर दिसते तशी. त्या थरथरीतून दुर्बिणीला सूर्य हलताना दिसतो. पाणी जमिनीसारखं झटकन तापत नाही, म्हणून पाण्यावरची हवा शांत राहते आणि सूर्याचं चित्र स्थिर मिळतं. इतक्या महालांच्या गावात मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ही वेधशाळा.

पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालयही उदयपुरात आहे. महाराष्ट्र आणि गोवा याच केंद्रात येतात, म्हणून त्यांच्या शिल्पग्राममध्ये राजस्थान-गुजरातच्या घरांच्या शेजारी आपल्याकडची झोपडीही भेटते. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत तिथं मोठा मेळा भरतो. गणगौर घाटावरच्या बागोर की हवेलीत संध्याकाळी लोकनृत्यं असतात. डोक्यावर घड्यांची उतरंड चढवून नाचणारी बाई पाहिलीत तर तुम्ही श्वास धरून बसाल. जवळपास नाथद्वारा, एकलिंगजी. लांबवर चित्तोड, कुंभलगड, राणकपूर. पण चित्तोडला जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर होतात. म्हणजे तो दिवस गाडीत गेला, हे धरून चाला.

आणि बसायचं कुठं? तिथंच मुलाशी माझा मतभेद आहे. उदयपुरात तळं दिसणारी जागा ही विकायची वस्तू झालेली आहे. काठावर हॉटेलांची आणि गच्चीवरच्या उपाहारगृहांची दाटी आहे. खिडकी तळ्याकडची तर भाडं वेगळं, मागच्या गल्लीकडची तर वेगळं. घाट मोकळे आहेत, पण ते पायऱ्यांचे. सिटी पॅलेस तर अरुंद जिन्यांचा आणि बोळांचाच बनलेला आहे. शत्रूला झपाट्यानं घुसता येऊ नये म्हणून तसे केले म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याला त्यातलं कारण पटणार नाही. तरी अगदीच वाट नाही असं नाही. दूध तलाईपासून करणी माता टेकडीवर 2008 पासून रोपवे आहे, आणि वरून पिछोला पूर्ण दिसतो.

आता भोपाळ. आधी मुलाच्या तोंडून न निघालेली गोष्ट बोलतो, कारण ती प्रत्येकाच्या मनात असते. 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. त्या एका रात्रीनं या गावाचं नाव साऱ्या जगात गेलं आणि त्याच रात्रीवर खिळून राहिलं. कारखाना जुन्या शहराच्या उत्तरेला आहे. आवारातला 337 टन कचरा चाळीस वर्षांनी, 2025 च्या जानेवारीत पीथमपूरला नेऊन नंतर जाळण्यात आला. आसपासच्या वस्त्यांच्या भूजलाचा प्रश्न त्यानं संपलेला नाही. प्रवाशाला त्याचा धोका नाही, पण ते माहीत असू द्यावं. कारखान्यासमोर मुलाला कवटाळलेल्या बाईचा पुतळा आहे. मी दर खेपेला तिथं जाऊन येतो. सहलीत हे बसत नाही असं कुणी म्हणेल. पण ज्या गावाचं मीठ खातो त्याचं दुःख विचारून यावं, अशी आपल्याकडची रीत आहे.

ते झाल्यावर तळ्याकडं या. मोठा तलाव भरलेला असताना सुमारे 31 चौरस किलोमीटरचा असतो, पिछोल्याच्या चौपटीहून मोठा. ताल म्हणावा तर हाच, बाकी सगळी डबकी, असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. रंकाळ्याचा मान राखून मला ते कबूल करावं लागलं. जुनं शहर पूर्वेच्या काठावर आणि पश्चिमेला मैलभर नुसतं पाणी. त्यामुळं सूर्य थेट पाण्यात बुडतो. महाल, बेट, डोंगर असं नजरेला अडकवणारं फार काही नाही. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, यात बघायचं काय? दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच वेळी परत येऊन बसलेला असतो.

भोपाळात बसणं ही जुनी कला आहे. जुन्या शहरात घरांच्या-दुकानांच्या बाहेर दगडी फरश्या नाहीतर लाकडी फळ्या टाकलेल्या असत, त्यांना पटिये म्हणत. रात्रीच्या जेवणानंतर त्यावर मैफल जमायची: राजकारण, शेर, कुचाळक्या, आणि मधूनमधून मीठ घातलेला सुलेमानी चहा. पटिये आता कमी झालेत, पण सवय गेलेली नाही. ती तळ्याकाठी आली आहे. काठानं रस्ता आहे, कट्टा आहे, बसायला पैसे पडत नाहीत आणि पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत. रविवारी बोट क्लबवर जाऊ नका, तिथं जत्रा असते. आणखी एक सांगतो: हे पाणी शहर पितं. भोज पाणथळ क्षेत्राला 2002 मध्ये रामसर दर्जा मिळाला. 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्यात मोटारीवर चालणाऱ्या नौका बंद करायला सांगितलं. तेव्हा कोणत्या नावा चालू आहेत हे गेल्यावर विचारून घ्या, आणि मोठी क्रूझ मिळाली नाही म्हणून हळहळू नका. ज्या पाण्यावर डिझेल सांडत नाही त्याच्याकाठी बसायला आपण आलोय.

पाऊस चांगला झाला की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. एकूण अकरा. किती उघडले याची चर्चा गावात क्रिकेटच्या धावसंख्येसारखी चालते आणि माणसं घरदार घेऊन बघायला जातात. आपल्याकडं राधानगरीचे दरवाजे उघडले की कोल्हापूरकर कसा कान टवकारतो, तसंच. फरक एवढाच, की आमच्या कानात पुराची धास्तीही असते.

या गावावर 1819 ते 1926 अशी शंभराहून अधिक वर्षं चार बेगमांनी राज्य केलं, एकीमागून एक. पहिल्या कुदसिया बेगमचा गौहर महाल अगदी तळ्याच्या काठावर आहे. तिसऱ्या शाहजहान बेगमनं ताजुल मसाजिद बांधायला घेतली. तिच्यानंतर पैशाअभावी काम थांबलं, 1971 मध्ये पुन्हा सुरू झालं आणि 1985 मध्ये पुरं झालं. चौथ्या सुलतानजहान बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती. आमच्या घरात तीस वर्षं मुलींना शिकवलेली बाई आहे. तिला हा इतिहास राजवाड्याच्या आरशांपेक्षा जवळचा वाटणार, हे मी जाणून होतो. मराठी माणसाचंही इथं जुनं येणं-जाणं आहे. 1737 च्या अखेरीस पहिल्या बाजीरावानं निजामाला याच भोपाळात कोंडलं होतं आणि जानेवारी 1738 मध्ये दोराह्याला तह झाला. आम्ही मात्र तह करूनच निघणार होतो.

कवी म्हणून माझा पक्षपात लपवत नाही. दुष्यंतकुमार इथं आकाशवाणीत होते आणि 1975 मध्ये इथंच गेले. इक्बाल 1930 च्या दशकात उपचारांसाठी येऊन राहिले होते; त्यांच्या नावाचं मैदान आजही आहे. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं भारत भवन 1982 पासून तळ्याच्या वरच्या उतारावर आहे. उतारावर चढवण्याऐवजी ते उतारात उतरवलं आहे. रस्त्यावरून इमारत जवळजवळ दिसतच नाही. आपण गच्चीवर पोचतो, तिथून अंगणाअंगणानं खाली जातो आणि समोर पाणी. तिथल्या 'वागर्थ' या कवितेच्या विभागात भारतीय भाषांतल्या कवितांची पुस्तकं ठेवलेली आहेत. एकदा दुपारी मी आत गेलो तो बाहेर आलो तेव्हा दिवे लागले होते. श्यामला टेकडीवर मानव संग्रहालय आहे. तिथं देशभरातल्या आदिवासींनी स्वतः येऊन आपापली घरं बांधली आहेत, खरीखुरी, पूर्ण आकाराची. एकच सूचना: भारत भवन, मानव संग्रहालय, आदिवासी संग्रहालय, तिन्ही सोमवारी बंद.

सांची आणि भीमबेटका दोन्ही पन्नास किलोमीटरच्या आत. म्हणजे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत. भीमबेटक्याची चित्रं हजारो वर्षांपूर्वीची आहेत. गुहांची वाट बरीच सपाट आहे.

भोपाळचे दोष? ते राजधानीचं शहर आहे, वाहतूक आहे, हॉटेलं कामासाठी येणाऱ्यांची आहेत, आणि प्रेक्षणीय जागा एकमेकींपासून लांब. नवं लग्न झालेल्या जोडप्याला मी भोपाळला पाठवणार नाही. त्यांनी उदयपूरलाच जावं, तीन दिवस पुरेत, आणि परवडत असेल तर तळ्याकडची खिडकी जरूर घ्यावी. लहान मुलं असतील तरी उदयपूर. मुलांना बेट, महाल, नाव कळते, क्षितिज कळत नाही. प्रवासाचं म्हणाल तर भोपाळ सोपं. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम, रात्रभर झोपलात की पोचलात. उदयपूरला मुंबईहून थेट गाडी आहे. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये अहमदाबाद-उदयपूर ब्रॉडगेज सुरू झाल्यापासून तीही एक वाट झाली.

हे सगळं मी घरी सांगितलं. मुलगा हॉटेलच्या खिडकीचा फोटो पुढं करत राहिला. पत्नीनं तो चष्मा लावून नीट पाहिला. मग विचारलं, "या खिडकीत बसलं तर शेजारी कोण असेल?"

"कोण असणार? अब्बा."

"ते इथंही असतात," ती म्हणाली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली पंजाब मेलची तिकिटं काढली आहेत, दोन्ही बर्थ खालचे. पोचायचा दिवस मंगळवार ठेवला आहे. उदयपूरचं हॉटेल मुलानं रद्द केलेलं नाही. सूनबाईंनी ते डिसेंबरसाठी स्वतःकडं वळवून घेतलं, आणि शिल्पग्रामच्या मेळ्याची तारीख मला विचारून ठेवली.